फॉर्मवरचा 'प्रोफेशन' रकाना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या नोकरदारांसाठी

मराठी शाळेतून दहावी, मग आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग किंवा डी. फार्म., आणि आता हातात पहिलं ऑफर लेटर. त्याच्या पाठोपाठ कागदांचा गठ्ठा येतो: बँक खातं, विमा, पीएफ, पॅन, कंपनीचा स्वतःचा माहितीचा फॉर्म. प्रत्येक कागदावर एक रकाना हमखास असतो. कुठे त्याला 'प्रोफेशन' म्हटलेलं असतं, कुठे 'ऑक्युपेशन', कुठे 'ट्रेड', कुठे 'डेझिग्नेशन'. मराठीत आपण या सगळ्यांना मिळून 'व्यवसाय' म्हणून मोकळे होतो. फॉर्म मात्र प्रत्येक शब्दातून वेगळी गोष्ट विचारत असतो आणि चुकीच्या उत्तराचा भुर्दंड आपल्याला बसतो. आपल्या भागात तर त्यात कन्नडची भर असते. तेव्हा 'प्रोफेशन' हा शब्द एकदा मुळापासून समजून घेऊ.

पहिली पायरी: शब्द नीट लिहा, वाक्यात नीट बसवा

स्पेलिंग पी, आर, ओ, एफ, ई, एस, एस, आय, ओ, एन असं आहे. एफ एकच, एस दोन. पुष्कळजण नेमकं उलटं करतात, म्हणजे एफ दोन आणि एस एक. 'प्रोफेसर' आणि 'प्रोफेशनल' यांनाही हाच नियम लागू, म्हणून एकदा पाठ केलं की तिन्ही शब्द सुटतात. उच्चारात जोर 'फे'वर येतो, पहिला 'प्रो' आखूड राहतो आणि शेवटचं 'शन' 'स्टेशन'मधल्यासारखं. 'प्रोफेसन' म्हणू नका, मुलाखतीत ते लगेच कानाला खटकतं.

आता वाक्य. 'माय प्रोफेशन इज टीचर' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. प्रोफेशन म्हणजे काम, टीचर म्हणजे माणूस. मराठीत तरी आपण 'माझा पेशा शिक्षक' कुठे म्हणतो? 'माझा पेशा शिक्षकी' म्हणतो. वकील आणि वकिली, डॉक्टर आणि डॉक्टरी हा जो फरक आपल्या जिभेवर आहे, तोच तिकडे पाळायचा. म्हणून 'टीचिंग इज माय प्रोफेशन' म्हणा, नाहीतर 'आय ॲम अ टीचर बाय प्रोफेशन'. दुसरं वाक्य जास्त सोपं आणि जास्त उपयोगाचं. कामाचं नाव बदला, बाकी वाक्य तसंच ठेवा: 'आय ॲम अ नर्स बाय प्रोफेशन'. हातकसबाचं काम असेल तर शेवटचा शब्द बदलतो: 'आय ॲम अ टर्नर बाय ट्रेड'. या 'बाय ट्रेड'मध्ये काहीही कमीपणा नाही, ती शुद्ध आणि रुबाबदार इंग्रजी आहे.

'आय ॲम डूइंग प्रोफेशन' असं होत नाही. डॉक्टर, वकील 'प्रॅक्टिस' करतात, इतरजण एखाद्या प्रोफेशनमध्ये असतात: 'आय ॲम इन द नर्सिंग प्रोफेशन'. नुसतं 'आय ॲम अ प्रोफेशनल' म्हटलं तर समोरचा लगेच विचारणार, कसलं? म्हणून कामाचं नाव सोडून हा शब्द एकटा वापरू नका.

दुसरी पायरी: प्रोफेशन कुठे संपतं आणि ट्रेड कुठे सुरू होतं

हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ अर्थ जाहीरपणे सांगणं, सर्वांसमक्ष कबूल करणं. आधी तो धार्मिक व्रत घेण्यासाठी वापरला जाई. पुढे धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन विद्यांच्या कामांना तो चिकटला. आजही काटेकोर अर्थाने प्रोफेशन म्हटलं की तीन खुणा दिसतात. लांबचं ठरलेलं शिक्षण, नाव नोंदवायला एखादं रजिस्टर किंवा परिषद, आणि मोडले तर नाव काढून टाकता येईल असे वागणुकीचे नियम. वकिलांसाठी 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट, चार्टर्ड अकाउंटंटसाठी 1949 चा कायदा, फार्मासिस्टसाठी 1948 चा फार्मसी ॲक्ट, नर्सिंगसाठी 1947 चा कायदा, आर्किटेक्टसाठी 1972 चा. आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे परिषदेकडे नोंद नसलेल्या माणसाला 'आर्किटेक्ट' ही बिरुदावली लावता येत नाही. घरांचे प्लॅन कितीही सुंदर काढत असलात तरी बोर्डावर तो शब्द रंगवण्याआधी नोंदणी हवी.

आपल्या भागातल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. फार्मासिस्टचं नाव राज्याच्या रजिस्टरात असतं. कोल्हापूर, गडहिंग्लजकडे शिकून महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंद झाली असेल आणि आता निपाणीत किंवा चिक्कोडीत मेडिकलमध्ये उभं राहायचं असेल, तर नोंद कर्नाटकच्या कौन्सिलकडे न्यावी लागते. ती होईपर्यंत 'रजिस्टर्ड फार्मासिस्ट' हे शब्द कर्नाटकातल्या कागदावर लिहू नका.

ट्रेडचं जग वेगळं. 1950 साली सुरू झालेल्या क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीममधून आयटीआयचे अभ्यासक्रम चालतात आणि पास झाल्यावर मिळतं ते नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. फॉर्मवर 'ट्रेड' असा रकाना दिसला तर सर्टिफिकेटवर जसं छापलंय तसंच्या तसं उतरवा. 'मेकॅनिकल' लिहू नका, कारण ती ब्रँच झाली, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगवाल्यांची. उद्यमबागेतल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये टर्नरची जागा असेल आणि अर्जावर नुसतं 'मेकॅनिकल' असेल, तर चाळणारा माणूस तो अर्ज कुठल्या ढिगात ठेवेल याचा भरवसा नाही.

ट्रेड हा शब्द दुकानदारी, व्यापार या अर्थानेही येतो. 'ट्रेड लायसन्स' म्हणजे महापालिकेचा दुकानाचा परवाना, त्याचा आयटीआयशी संबंध नाही. रकान्याच्या आजूबाजूला काय विचारलंय ते बघितलं की कुठला अर्थ आहे ते कळतं.

ट्रेड लिहायला पोरं लाजतात, हे मला मनापासून खटकतं. बेळगावचं औद्योगिक नाव ज्या फाउंड्र्यांनी आणि मशीनशॉप्सनी केलं, त्या मोल्डर, फिटर, टर्नर यांच्या हातावर उभ्या आहेत. 'वेल्डर' हा शब्द पुसून त्या जागी 'टेक्निकल प्रोफेशनल' लिहिलं की वजन वाढत नाही, उलट वाचणाऱ्याला काही कळत नाही.

सरकारचीही याबद्दल एक उतरंड आहे. नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स, 2015 ची आवृत्ती. त्यात देशातली सगळी कामं मोठ्या विभागांत घातली आहेत. दुसऱ्या विभागाचं नावच 'प्रोफेशनल्स': डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, फार्मासिस्ट वगैरे. तिसरा विभाग टेक्निशियन आणि असोसिएट प्रोफेशनल्सचा, डिप्लोमावाली पुष्कळ कामं इथे बसतात. सातवा क्राफ्ट आणि संबंधित ट्रेडचा, आठवा यंत्रं चालवणाऱ्यांचा. तेव्हा कुणी विचारलं की डिप्लोमा होल्डर ज्युनिअर टेक्निशियन प्रोफेशनल का, तर या वर्गीकरणाचं उत्तर 'असोसिएट प्रोफेशनल'. आणि या सगळ्या विभागांवर जो शब्द आहे तो 'ऑक्युपेशन'. म्हणजे प्रत्येक प्रोफेशन हे ऑक्युपेशन असतं, प्रत्येक ऑक्युपेशन प्रोफेशन नसतं.

तिसरी पायरी: शेजारचा कन्नड शब्द वाचायला शिका

बेळगाव जिल्ह्यातला बँकेचा फॉर्म म्हटला की कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी रकाना नसतो, म्हणून आपण ओळखीचा शब्द दिसेल त्याला धरतो. पण इथे ओळखीचे शब्दच फसवतात, कारण तेच संस्कृत शब्द कन्नडमध्ये वेगळ्या अर्थाने रुळले आहेत.

एका बँकेच्या खिडकीपाशी ऐकलेला हा संवाद. खानापूरकडचा मुलगा, नुकताच फिटर अप्रेंटिस म्हणून लागलेला. खिडकीतल्या मॅडम कन्नड, मराठी जेमतेम. त्याने सांगितलं, "मॅडम, माझा व्यवसाय फिटर." त्यांनी मान वर न करता विचारलं, "व्यवसायाना?" त्याला वाटलं त्या खात्री करतायत, म्हणून तो म्हणाला, "हां मॅडम, व्यवसाय." त्यांनी टिक केली 'ॲग्रिकल्चरिस्ट'वर. चूक दोघांचीही नव्हती. कन्नडमध्ये व्यवसाय म्हणजे शेती. गावोगावी 'व्यवसाय सेवा सहकारी संघ' अशा पाट्या असतात, त्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या. तेव्हा कन्नड बोलणाऱ्या कारकुनासमोर 'व्यवसाय' हा शब्द तोंडातून काढूच नका. 'उद्योग फिटर' म्हणा, तो बरोबर समजेल.

कारण कन्नडमध्ये 'उद्योग' म्हणजे नोकरी, रोजगार. आपण ज्याला उद्योग म्हणतो, कारखानदारी, त्याला ते 'कैगारिके' म्हणतात. आयटीआयच्या पाटीवर म्हणूनच 'कैगारिका तरबेती संस्थे' असतं. आणि 'वृत्ति' म्हणजे चक्क प्रोफेशन. मराठीत वृत्ती म्हटलं की स्वभाव आठवतो, इथे त्या रकान्यात स्वभाव नव्हे, काम लिहायचं असतं. पगाराच्या चिठ्ठीवर 'वृत्ति तेरिगे' दिसलं तर तो प्रोफेशन टॅक्स. 'वृत्तिपर कोर्स' म्हणजे प्रोफेशनल कोर्स. कर्नाटकात सीईटीमधून ज्या इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी वगैरे पदव्यांना प्रवेश मिळतो त्या या गटातल्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात 'वृत्तिपर' विचारलं आणि तुम्ही बी.कॉम.ला असाल, तर उत्तर 'नाही'.

काही शब्द सुदैवाने सरळ आहेत. 'हुद्दे' म्हणजे आपला हुद्दा, डेझिग्नेशन. 'रैत' म्हणजे शेतकरी, आपल्या रयतेचाच भाऊ. 'कसुबु' म्हणजे हातकसबाचं काम, म्हणजे ट्रेडच. वडगाव, शहापूरच्या विणकरांच्या घरातल्या मुलांनी 'नेकार' हा शब्दही ओळखून ठेवावा, वडिलांच्या कामाचा रकाना भरताना तोच विणकर.

चौथी पायरी: कोण विचारतंय ते बघा, मग लिहा

बँकेला तुमच्या पदवीत रस नसतो. खात्यात येणारा पैसा कुठून येतो हे तिला ठरवायचं असतं, म्हणून 'ऑक्युपेशन'खाली तयार पर्याय असतात: सॅलरीड, सेल्फ एम्प्लॉइड, प्रोफेशनल, बिझनेस, स्टुडंट, ॲग्रिकल्चरिस्ट, होममेकर, रिटायर्ड. इथे 'प्रोफेशनल'चा अर्थ बहुतेक वेळा स्वतःची प्रॅक्टिस असलेला. हॉस्पिटलच्या पगारावर असलेली नर्स इथे 'सॅलरीड', तिचं काम कितीही पक्कं प्रोफेशन असलं तरी. स्वतःचं क्लिनिक असलेला डेंटिस्ट 'प्रोफेशनल'. फॅब्रिकेशनचं दुकान असलेला वेल्डर 'सेल्फ एम्प्लॉइड' किंवा 'बिझनेस'.

अप्रेंटिस असाल तर जरा थांबा. 1961 च्या अप्रेंटिसेस ॲक्टप्रमाणे अप्रेंटिस हा ट्रेनी असतो, कामगार नसतो, आणि त्याला मिळतो तो स्टायपेंड. म्हणून 'सॅलरीड'वर टिक करण्यापेक्षा 'अदर्स' घेऊन पुढे 'अप्रेंटिस, फिटर' लिहा. वर्षाने कायम झालात की बदला.

विम्याच्या फॉर्मवर मात्र नेमकं काम लिहिल्याशिवाय सुटका नाही. अपघात विम्यात कामाच्या धोक्यानुसार गट पडतात. टेबलावर बसणारा कमी धोक्यात, यंत्रावर काम करणारा वरच्या गटात, उच्च दाबाच्या विजेवर किंवा खाणीत काम करणारा आणखी वर. हप्ता त्यावर ठरतो. फाउंड्रीत फर्नेसवर काम करणाऱ्याने 'सर्व्हिस' किंवा 'प्रोफेशनल' असं मोघम लिहिलं, एजंटनेही पुढे विचारलं नाही, तर दाव्याच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. एजंट ओळखीचा असला, गल्लीतला काका असला, तरी 'काका, काम नीट लिहा' असं स्पष्ट सांगा आणि सही करण्याआधी स्वतः वाचा.

आता पगाराच्या चिठ्ठीवरची 'पी.टी.', म्हणजे प्रोफेशन टॅक्स, ही कपात. नावातला 'प्रोफेशन' बघून पुष्कळांना वाटतं, मी तर हेल्पर, मला हा कर कसा? कर्नाटकच्या 1976 च्या त्या कायद्याचं पूर्ण नाव वाचलं की उत्तर मिळतं: प्रोफेशन्स, ट्रेड्स, कॉलिंग्ज आणि एम्प्लॉयमेंट्स, या चारींवरचा कर. नाव पहिल्या शब्दाने घेतात, लागतो तो चौघांना. कर्नाटकात सध्या महिन्याचा पगार 25,000 रुपयांच्या आत असेल तर कपात नाही. महाराष्ट्रात पुरुषांना 10,000 च्या वर पगार गेला की महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत माफी आहे. निपाणीत घर आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरी असेल तर कपात महाराष्ट्राच्या हिशेबाने होते, कारण नोकरी कुठे आहे ते बघितलं जातं. दोन गावांतल्या दोन मित्रांच्या सारख्याच पगारातून वेगळी कपात दिसली तर दचकू नका. वर्षाला 2,500 रुपयांच्या वर हा कर कुठलंच राज्य घेऊ शकत नाही. राज्यघटनेच्या 276 व्या कलमात ती मर्यादा आहे.

सगळ्यात महागात पडते ती आयकरातली गल्लत. स्वतःचं काम सुरू केलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आयकरात 'बिझनेस' आणि 'प्रोफेशन' हे वेगळे कप्पे आहेत. 1961 च्या कायद्यात कलम 44एए खाली प्रोफेशनं नावानिशी दिली होती: कायदा, वैद्यक, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटीरियर डेकोरेशन, आणि पुढे अधिसूचनेने भर पडली ती कंपनी सेक्रेटरी, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अशांची. आता 2025 चा नवा कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा भेद लक्षात ठेवा.

भेद असा. हिशेबाच्या वह्या न ठेवता ठोक पद्धतीने कर भरायचा असेल, तर प्रोफेशनच्या कप्प्यात निम्मी जमा उत्पन्न धरली जाते. बिझनेसच्या कप्प्यात धरतात 8 टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के. मच्छेकडे जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या वेल्डरची वर्षाची जमा 20 लाख आहे असं धरा. कुणा सायबर कॅफेवाल्याने त्याच्या रिटर्नमध्ये 'प्रोफेशन' निवडलं तर उत्पन्न धरलं जाईल 10 लाख. 'बिझनेस' निवडलं आणि सगळे पैसे रोखीने आले असले तरी 1 लाख 60 हजार. खरा नफा याहून जास्त असेल तर तो दाखवायचाच, पण एका शब्दाने आठ लाख चाळीस हजारांचा फरक पडतो. उलट टिळकवाडीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी खरोखरच प्रोफेशनच्या कप्प्यात येते, तिने 8 टक्क्यांच्या मोहात पडून बिझनेस लिहू नये. तुमचं काम कुठे बसतं याबद्दल शंका असेल तर सीएला विचारा. त्याची फी या चुकीपेक्षा कमीच असते.

पाचवी पायरी: बायोडेटा आणि मुलाखत

इथे 'प्रोफेशनल' हा शब्द विशेषण म्हणून येतो आणि त्याचा अर्थ सैल होतो. 'प्रोफेशनल एक्सपिरियन्स' या मथळ्याखाली पगारावर केलेलं कुठलंही काम चालतं, वेल्डरचंही. 'ही इज व्हेरी प्रोफेशनल' म्हणजे वेळ पाळणारा, शब्द पाळणारा. ट्रेनिंग, इंटर्नशिप या मथळ्यात घालायची असेल तर तसं स्पष्ट लिहा.

नाव, पत्ता यांच्या खाली एक ओळ लिहायची पद्धत आहे, तिथे नेमकेपणा दाखवा. 'हार्डवर्किंग प्रोफेशनल सीकिंग गुड ऑपॉर्च्युनिटी' हे हजारो बायोडेटांवर सापडतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ट्रेड, यंत्र आणि काळ लिहा: 'टर्नर, सीएनसी लेथ, टू इयर्स, ऑटोमोबाइल कंपोनंट्स'. मुलाखतीत 'व्हॉट इज युवर प्रोफेशन?' असं विचारलं, तर तिथे हा शब्द सैल अर्थानेच असतो, म्हणजे 'तू काय करतोस?'. तेव्हा व्याख्या सांगत बसू नका. 'आय ॲम अ टर्नर, सर. आय वर्क ऑन सीएनसी लेथ्स.' एवढं पुरतं. 'व्हॉट इज युवर फादर?' असाही प्रश्न येतो. उत्तर 'ही इज अ फार्मर' किंवा 'ही इज अ वीव्हर', ताठ मानेने.

आधीच चुकीचं छापून गेलं असेल तर

बँकेत केवायसी अपडेटचा फॉर्म मागा, त्यात ऑक्युपेशनचा रकाना असतो. सोबत कंपनीचं आयडी कार्ड किंवा अपॉइंटमेंट लेटरची झेरॉक्स जोडा. केवायसी ताजी करायची बँकेची स्वतःची पाळी कमी जोखमीच्या खात्यांना दहा वर्षांनी येते, म्हणून तिची वाट बघू नका, मधे केव्हाही देता येतो. विम्यात काम बदललं किंवा चुकीचं पडलं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि 'एन्डॉर्समेंट' मागा. म्हणजे पॉलिसीला जोडलेला दुरुस्तीचा कागद. तोंडी सांगून, एजंटला फोन करून भागत नाही. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. आयकर रिटर्नमध्ये कप्पा चुकला असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं, तिथेही सीएला धरा. आणि खिडकीवर दुरुस्तीचा अर्ज दिला की त्याच्या प्रतीवर तारीख घातलेला शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. कन्नडमध्ये मागायचं असेल तर 'सील हाकि कोडि मॅडम' एवढं पुरे.